तिसरी हाक

प्रिय वेरानिया,

आपल्या देकिमुसचं जहाज सार्डिनियाच्या खडकांवर फुटलं. सुकाणूवरचा म्हातारा फिलोन तेवढा वाचला. गेल्या आठवड्यात ओस्टियाला उतरला आणि थेट घरी येऊन त्यानेच हे सांगितलं. आपला मुलगा शेवटपर्यंत पाणी उपसत होता, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. देह मिळालेला नाही. चार महिने धरलेली आशा आता सोड.

मी रडलो नाही. समोर माझे विद्यार्थी बसले होते. त्यांतला एक शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "बघ, गुरुजी हललेसुद्धा नाहीत." सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून मला बरं वाटलं.

तू कापुआला भावाकडे का निघून गेलीस, ते मला ठाऊक आहे. देकिमुस निघाला तेव्हा धक्क्यावर त्याला मिठी मारताना मी पुटपुटलो, 'हा मरणारा आहे.' ते तू ऐकलंस. "निघालेल्या पोराला असलं अभद्र बोलतं का कुणी?" एवढंच म्हणालीस. ते वाक्य त्या दिवशीचं नव्हतं, हे तुला तेव्हा सांगितलं नाही. तो पाळण्यात होता तेव्हापासून रोज त्याला थोपटताना मी ते मनात म्हणत आलो होतो. आम्ही स्टोइक तत्त्वज्ञ हेच शिकवतो: जे आपल्या हातात नाही ते गेलंच असं आधीपासून समजावं, म्हणजे जाताना घाव बसत नाही. एकोणीस वर्षं मी आपल्या मुलाचं मरण गिरवलं. शेजाऱ्याची अंजिरं चोरून, तोंड बरबटून तो घरी आला होता, आठवतं? तू हसत सुटलीस. मी आधी ते वाक्य म्हटलं, मग हसलो.

आता दिवेलागणीला दार वाजतं. हात भरलेले असले की तो कोपराने ढकलायचा, तसंच. खाऱ्या वाऱ्याने लाकूड फुगलंय, असं मी स्वतःला समजावतो. तरी कडी लावत नाही. त्याची दाई क्रिसिस परवा मला म्हणाली, "मालक, तो गेला हे पटलंय ना तुम्हाला? मग लावा की कडी. नसेल लावायची तर हाका मारून त्याला एकदाचा निजवा. पोर बाहेर ताटकळतंय."

म्हणून शहराबाहेरच्या रस्त्यालगत रिकामं थडगं बांधून घेतलं. देह नसला तर तीनदा नाव घेऊन बोलवायचं, मग भटकणारा आत येऊन निजतो. आज सकाळी गेलो. पहिली हाक मारली, दुसरी मारली. तिसऱ्या वेळी तोंड उघडलं तर ओठांवर नावाऐवजी तेच वाक्य आलं. मी दातांखाली जीभ धरली आणि परत फिरलो.

तू त्याला कधीच त्या वाक्यासकट हाक मारली नाहीस. तुझ्या तोंडी ते नुसतं त्याचं नाव होतं. तिसरी हाक तू मार, एवढ्यासाठी हे पत्र. मला क्षमा केली नाहीस तरी चालेल, पण ये. हे पत्र आणणारा गाडीवान तुझ्यासाठी तिथेच थांबेल. निघालीस तर पाचव्या दिवशी पोचशील. तोवर थडग्यावर शिळा बसवायची नाही, असं गवंड्याला सांगितलंय. घराची कडीही काढलेलीच असेल.

तुझाच,
नुमेरियुस