बहिऱ्यांची शर्यत आणि माझा डावा कान

पॅरिस, ४ ऑगस्ट १९२४

निवड झाली! चारशे मीटर. फ्रान्सच्या चमूत माझं नाव — एव्हारिस्त ग्रिमो, छापखान्यातला खिळे जुळवणारा. दहा वर्षांपूर्वी लढाईच्या भरतीत याच देशाने माझ्या कागदावर 'निरुपयोगी' असा शिक्का मारला होता. आता तोच देश छातीवर राष्ट्रचिन्हाचा कोंबडा लावून देतोय. एकच अट — बहिरा असलो पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा मी अटीत बसलो!

गेल्या महिन्यात ऐकू येणाऱ्यांचे मोठे खेळ, ऑलिंपिक, झाले. आता आमची पाळी. नऊदहा देशांचे बहिरे येताहेत.

७ ऑगस्ट

परदेशचे लोक आले. हंगेरियन, लाटव्हियन, इटालियन — प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या. तरी तासाभरात सगळे आपापल्या बायकांची निंदा करू लागले. ऐकणाऱ्यांना यासाठी दुभाषे लागतात.

सरावात एक बेल्जियन माझ्या पुढे गेला. ओदिलों नाव, लिएजचा. खाणीत काम करायचा. चार पावलांनी पुढे! वर पाठीवर थाप मारून म्हणतो, "चांगला पळतोस. वयाच्या मानाने."

मी एकोणतीस वर्षांचा आहे.

८ ऑगस्ट

पकडला! मैदानाच्या खोलीत त्याच्या पाठीमागे लोखंडी खाट आपटली, आणि हा गर्रकन वळला. मी स्वतः पाहिलं. बहिरा कसला — सोंगाड्या!

संध्याकाळी अर्ज लिहिला. शब्द नीट तोलले. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं जुळवली, स्वतःचं एक तरी पक्कं असावं. 'ज्या स्पर्धकास कोणत्याही कानाने, कितीही अल्प, ऐकू येते त्यास शर्यतीतून वगळावे.' पळवाट ठेवली नाही.

क्लेमांसला दाखवला. वाचला आणि परत दिला. बायकोही माझ्यासारखीच बहिरी; तिचे हात कधी थांबत नाहीत. मग म्हणाली, "हरणार असशील तर हर की. कागद कशाला?"

तिला न्यायाचं काय कळतं!

१० ऑगस्ट

उद्घाटन. उंच टोपीचे एक सरकारी साहेब वीस मिनिटं बोलले. त्यांच्या मिशा एवढ्या दाट की ओठ दिसतच नव्हते. शेवटी आम्ही सगळ्यांनी हात वर करून हलवले, आमच्या टाळ्या त्या. साहेब फार सुखावले. रुमालाने डोळे पुसले म्हणे.

मग सायकलवाल्यांच्या शर्यतीला कोणीतरी सवयीने पिस्तूल उडवलं. सायकलवाले जागचे हलले नाहीत. दोन कबुतरं मात्र वेळेवर सुटली.

१२ ऑगस्ट

ओदिलोंविरुद्धचा अर्ज पंचांकडे दिला होताच. आज तपासणी. पंचांनी ठरवलं — एकालाच कशाला, चारशे मीटरच्या आठही जणांचे कान तपासू. न्याय म्हणजे न्याय. मी मान डोलावली.

आम्हाला गादीच्या खुर्च्यांवर बसवलं, पाय अधांतरी, डोळ्यांवर पट्टी. काही ऐकू आलं तर बोट वर करायचं. घंटा झाली, शिट्टी झाली — मला काहीच नाही. मग डॉक्टरांनी बंबवाल्यांचा मोठा भोंगा आणवला. तो वाजला तेव्हा डावीकडून ती नेहमीची जाडसर थरथर आली. मालगाडी गेली की येते तीच. सगळ्यांनाच येते, असं मी समजत होतो. इमानदारीने बोट वर केलं.

पट्टी काढली. बोट फक्त माझं होतं.

डॉक्टरांनी पाटीवर लिहिलं : 'डावा कान. खालचे सूर, थोडेसे. अभिनंदन!' ओदिलोंच्या नावापुढे लिहिलं : 'ठार बहिरा.'

"मग खाट पडली तेव्हा वळलास कसा?" मी विचारलं.

"फळ्यांची जमीन होती, बाबा! खाणीत तळपायांना कळलं नाही, तर डोक्यावर डोंगर येतो."

पंचांनी माझाच अर्ज माझ्यापुढे धरला. 'कितीही अल्प' या शब्दांखाली रेघ मारलेली. एकाने माझी पाठही थोपटली — "मसुदा उत्तम आहे."

१३ ऑगस्ट

लढाईसाठी बहिरा. छापखान्याच्या मुकादमासाठी बहिरा. सासऱ्यासाठी तर बहिराच. फक्त बहिऱ्यांसाठी नाही!

बहिऱ्यांच्या क्लबात आता मला 'कानवाले साहेब' म्हणतात. एकाने वाकून विचारलं, "साहेब, बाहेर पाऊस पडतोय का, जरा ऐकून सांगता?"

१४ ऑगस्ट

ओदिलों घरी आला. क्लेमांसनेच बोलावलं, मला न विचारता. सशाचा रस्सा दोनदा घेतला त्याने. मी माफी मागायला हात उचलले, तर त्याने त्यांत पाव ठेवला.

"खड्डा छान खणला होतास," म्हणाला. "खाणवाल्याला पसंत पडला. आता उद्या शेवटच्या वळणाशी उभा राहा. मी ढिला पडलो तर शिव्या दे. मोठ्या दे, लांबून दिसल्या पाहिजेत."

क्लेमांस एवढी हसली की चमचा पडला.

१५ ऑगस्ट

ओदिलों चौथा आला! ज्याच्यासाठी मी अर्ज केला, तपासणी ओढवून घेतली, स्वतःचं नाव कापून घेतलं — तो चौथा! एक काटकुळा पोलिश शिंपी सगळ्यांच्या पुढे निघून गेला. त्याच्याकडे आठवडाभर कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

मी शिव्या मात्र मनापासून दिल्या. खांदे दुखताहेत.

१६ ऑगस्ट

काल एक गोष्ट लिहिली नाही. ते वळणावर आले तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं, हात हवेत. आणि माझ्या डाव्या बाजूने काहीतरी आलं — जाड, खोल, भोंग्याहून मोठं. मी वळून पाहिलं. गाडी नव्हती, भोंगा नव्हता. आमची तोंडं उघडी होती. शेकडो तोंडं. शाळेत आम्हाला मुके म्हणत. आम्ही ओरडत होतो, आणि तिथे कोणालाच ते माहीत नव्हतं.

आज सकाळी क्लेमांसला सांगितलं. विश्वास बसेना, खो खो हसत सुटली. मी डावा कान तिच्या गळ्याला लावला.

सहा वर्षांचा संसार. तिचा आवाज जाडा आहे.