आडवी पुरलेली मेख

मनाली, १२ मे

नवसा, ओझरला तुम्ही सगळी सुखात असाल, असं धरून लिहायला बसलो.

मी नीट पोचलो. कानटोपी घालतो, गोळ्या घेतो. सुवर्णा बूट बांधताना जीभ बाहेर काढते, थेट आपल्या ललितसारखी.

"नातीला त्या गिर्यारोहणाच्या वर्गातून घेऊनच या," असं तू निघताना बजावलंस, ते ध्यानात आहे. बावीस वर्षांपूर्वी आपला ललित याच डोंगरात, उभी रोवलेली मेख उपटून दोरासकट गेला. शाळेतल्या कवितांत हिमालय नुसता शुभ्र होता गं. तो निसटतो, हे कुणी लिहिलंच नव्हतं.

सुवर्णाच्या शिक्षकांना विचारलं, बर्फात दोर नेमका कशाच्या आधारानं बांधता? म्हणाले, आधी बर्फाची कुऱ्हाड रोवायचे, मग लाकडी मेखा आल्या, आता ॲल्युमिनियमच्या. मऊ बर्फात मात्र मेख आडवी पुरायची. आपण द्राक्षाच्या मांडवाची तार ताणायला दगड पुरतो, तशीच.

"मग माझ्या पोराची मेख उभी का होती?"

"आजोबा, तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. वर घाई होते माणसाची."

इतकी वर्षं मी बर्फालाच दोष दिला.

सुवर्णानं मेख आडवी पुरली, वरून बर्फ तुडवला. "ओढा आजोबा, लय जोर लावा!" मी आणि चार जणांनी दोर ओढला. मेख हलली नाही.

रागावू नकोस, मी एकटाच येतोय. सूनबाईला तूच समजावून सांग. तुझा गुडघा कसा आहे? आल्यावर मांडवाच्या कडेला जरा बसू. ललितनं पुरलेला दगड अजून तार धरून आहे.

तुझाच,
फकिरा