रेस्टच्या स्क्रूवरची लाल रेष

बाबा, आज दुपारी माझ्या जुन्या कंपाउंड धनुष्यावर तुमच्या हातची एक लाल रेष सापडली. उद्या गोंदियाला तिरंदाजीची निवड आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या एका पोरीचं धनुष्य ऐन वेळी मोडलं. तिचा हात माझ्याच मापाचा, म्हणून माझं जुनं पेटीतून काढलं. ते आज जुळवायला घेतलं, आणि आता मी इथं लिहीत बसलेय.

तुम्ही जन्मात एक बाण मारला नाही. धानाच्या गिरणीतले मिस्त्री तुम्ही, पट्टा कुठे घासतो ते आवाजावरून सांगायचे. माझ्या धनुष्याची दोन चाकं आणि त्यांवरून फिरणाऱ्या केबली पाहून म्हणालात, "हे त आपलंच काम हाय." गिरणीतल्या चाळणीची मोडकी चौकट आणलीत, तिच्यावर वर्तमानपत्र ताणलंत आणि मला सहा फुटांवर उभं केलंत. बाण सरळ गेला तर कागदाला गोल भोक आणि भोवती पिसांच्या तीन चिरा. शेपूट हललं तर एका बाजूला लांब फाट. फाट दिसली की मी लगेच रेस्टच्या स्क्रूकडे धावायची, बाण जिच्यावर टेकतो ती रेस्ट सरकवायला. तुम्ही खेकसायचे, "कायले फिरवून राहिली? पयले आपला हात पाह्य. मूठ सैल सोड!" असा राग यायचा. म्हटलं, गिरणीतला माणूस मला तिरंदाजी शिकवतो!

माझ्या निवडीच्या आदल्या संध्याकाळी ओळीनं तीन गोल भोकं पडली. "आता याले हात लावजो नोको," म्हणालात आणि जेवायला बसलात.

निवडीची पहाट झालीय. बसला अर्धा तास आहे. तुम्ही अंघोळीला गेलात तेवढ्यात मी एक बाण मारते. कागद डावीकडे फाटतो. पुन्हा मारते, पुन्हा डावीकडेच. अंधुक उजेडात एलन की घेऊन मी स्क्रू पाव आटा फिरवते. पुढच्या बाणाला गोल भोक. ते कागद चुलीत घालते आणि काही झालंच नाही अशी बसमध्ये तुमच्या शेजारी बसते. स्क्रू बरोबरच होता, बाबा. भीतीनं मूठ मी आवळली होती, आणि धनुष्य त्या आवळलेल्या मुठीला जुळवलं.

मैदानावर चार बाण झाले, भीती गेली, मूठ सैल पडली, आणि बाण एकजात एकाच बाजूला जायला लागले. निवड गेली. आमचे कोच सर सगळ्यांसमोर तुमच्यावर तुटून पडले, "मिस्त्री, ये राइस मिल नहीं है! लड़की का साल बरबाद कर दिया!" तुम्ही माझ्या हातून धनुष्य घेतलंत, उलटसुलट पाहिलंत, आणि रेस्टवर अंगठा दाबून धरलात. "माझीच चूक झाली जी सर. अंदाज चुकला." मी बुटांकडे पाहत उभी राहिले. त्याआधी दर रविवारी चार-पाच पोरं धनुष्य जुळवून घ्यायला तुमच्याकडे यायची. त्यानंतर एकही आलं नाही. चौकट तुम्ही गिरणीत परत नेऊन ठेवलीत.

आज उन्हात धूळ पुसली तर स्क्रूवर ऑइल पेंटची बारीक रेष दिसली, अर्धी स्क्रूवर, अर्धी शेजारच्या धातूवर. गिरणीतल्या प्रत्येक नटावर तुम्ही अशीच काढायचे, नट जरा हलला तरी लगेच दिसावं म्हणून. इथले दोन तुकडे जुळत नव्हते. मधे पाव आट्याचं अंतर. आदल्या रात्री मी झोपल्यावर काढली असणार तुम्ही. पहाटे मला दिसली नाही. मैदानावर तुम्हाला दिसली. तो अंगठा तिच्यावर होता!

रेषेला रेष जुळवली. अंगणात बाण अडवायच्या पोत्यापुढे कागद बांधला, मूठ सैल सोडली, तुमच्या वेळचाच बाण मारला. गोल भोक, तीन चिरा. मग आत आले आणि हे लिहायला घेतलं.

उद्या त्या पोरीला सांगेन, हे माझ्या बाबांनी जुळवलंय. हा लिहिलेला कागद पेटीच्या तळाशी ठेवते. आणि खरं सांगू? तुम्ही आत्ता समोर असता ना, तरी हा तुमच्या हातात दिला नसता. बुटांकडेच पाहत उभी राहिले असते.