समर टायर्सच्या मागचे प्लग

मिसिसागा, शनिवार, १२ जानेवारी २००८

सुहासने बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबिलचे नवे स्पार्क प्लग बेसमेंटमध्ये, उन्हाळ्यापर्यंत कोणी हात न लावणाऱ्या समर टायर्सच्या मागे का ठेवावेत? डबीवरचा नंबर पाहिला. थंड प्लग! माहेरी बाबांच्या टू-स्ट्रोक स्कूटरमुळे मला एवढं कळतं, की हळू चालवलं तर हे काळे पडतात. ते फुल स्पीडने पळवणाऱ्यांसाठी असतात. आणि गेल्या वर्षी तळ्यावरचा बर्फ फुटून कमरेपर्यंत पाण्यात गेल्यावर यानेच कबूल केलं होतं, "आता तळं बंद. ट्रेलवर हळूच चालवीन." मग थंड प्लग कशाला?

जेवताना सहज विचारलं, "कुठले प्लग आणलेस रे?"

"नेहमीचेच."

मला काही पटेना. टूलबॉक्समधला, या सीझनमध्ये आतापर्यंत वापरलेला जुना प्लग काढून पाहिला. तोही थंडच. आणि जराही काळा पडलेला नाही.