मोजणीतली दुपार

सानपाडा,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. वरद,

अनेक आशीर्वाद. एकाच घरात राहून पत्र कसलं, म्हणशील. पण तू समोर आलास की मी हवापाण्यावर बोलतो आणि चहाचा कप घेऊन उठतो. म्हणून हे डब्याच्या पिशवीत ठेवतोय. चारच्या मीटिंगआधी वाचच.

इकडे, म्हणजे तुझ्या पलीकडच्या खोलीत, सगळं ठीक. गॅलरीतल्या गोकर्णीला दोन फुलं आलीत. गुडघा कुरकुरतोय, पण चालवतोय.

तुझ्या ऑफिसातली सुचिता बुधवारी आली, तेव्हा तू खाली पार्सल आणायला गेला होतास. पोह्यांची बशी नुसती हातात धरून बसली. "काका, तीन महिने गेले ना माझे. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सगळं कचऱ्यात."

"एवढं काय बिघडलं गं?"

"तुमच्या लेकालाच विचारा. त्याचेच आकडे आहेत."

तुमचं काम मला कळलंय ते मास्तरकीच्या भाषेत. चालू प्रोग्रॅमने आपण किती मेमरी अडवून बसलोय हे थोड्या थोड्या वेळाने सांगायचं, ही सुचिताची सोय. आणि त्या सांगण्यापायी मूळ काम किती रेंगाळतं, ते तू मोजणार. दर पाच मिनिटांनी हजेरी घेतली तर कविता शिकवायची कधी, एवढाच प्रश्न. मंगळवारी सकाळी तू हजेरीविना मोजलंस. दुपारी हजेरी लावून लॅपटॉप तसाच चालू ठेवलास आणि खारघरला गेलास. वर चिठ्ठी: 'बाबा, हात लावू नका. मोजणी चालू आहे.'

वरद, मी ती चिठ्ठी अलगद काढली. नंतर होती तशी परत चिकटवली. चोरच म्हण.

आणि त्याच लॅपटॉपवर तुझ्या आईचा तो व्हिडिओ लावला. तिच्या चौथीच्या पुस्तकातली पाखरांची कविता म्हणते तो. तिसऱ्या कडव्यापाशी अडते, हसते, म्हणते, "अहो, पुढचं सांगा की!" मी सांगतो. तोवर व्हिडिओ संपलेला असतो. मग पुन्हा पहिल्यापासून. त्या दुपारी अकरा-बारा वेळा तरी झालं असेल. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. मला वाटलं, मोजतंय बिचारं.

संध्याकाळी तू म्हणालास, "अठरा टक्के स्लो. सुचिताचं गेलं." तेव्हाच बोलायला हवं होतं. गप्प बसलो, ते तू रागावशील म्हणून नाही रे. आई गेल्यापासून तिचा आवाज लागला की तू खोलीतून उठून जातोस. मी अजून रोज ऐकतो हे तुला कळू नये, एवढंच. त्यापायी त्या पोरीचे तीन महिने मी गिळायला निघालो होतो.

ते अठरा टक्के सगळे हजेरीचे नाहीत. त्यात आम्ही दोघं आहोत. किती, ते मला ठाऊक नाही. आज निकाल देऊ नकोस, पुन्हा मोज. तेवढा वेळ मी सोसायटीच्या बागेत बसेन. सुचिताला माझं नाव घेऊन सांग. तिची सोय कदाचित खरंच जड असेल, पण तिच्या माथी माझी दुपार नको.

आणि मोजून झालं की एकदा माझ्याशेजारी बस. तू स्वतःच्या फोनमधून तो व्हिडिओ काढून टाकलास, लॅपटॉपवरचा मात्र ठेवलास, हे मी पाहिलंय. ती अडेल तेव्हा या खेपेला मी गप्प राहीन. पुढची ओळ तुलाही येते. तिनंच शिकवलीय.

तिसऱ्या कडव्यापाशी तुझी वाट पाहणारा,
बाबा