रुबिनीच्या लग्नाची रोबोला

१४ ऑगस्ट
आजपासून चिडायचं नाही. डॉक्टरांनी बजावलंय.
फेब्रुवारीत लेकीचं, रुबिनीचं लग्न. पंगतीत वाइन आमच्याच मळ्यातल्या रोबोला द्राक्षांची, असं आज कॅफेत ठणकावून सांगितलं. तिचा होणारा सासरा स्टाथिस म्हणाला, व्याही, पहिलंच वर्ष तुमचं, माझी वाइन घ्या की. म्हटलं, तुझ्या वाइनने आमच्याकडे भांडी घासतात. बोललो फक्त. चिडलो नाही.

१७ ऑगस्ट, सकाळी
गुडघा सुजला. मळा बघायला डोंगर चढणं राहूनच गेलं. अडलंय माझं खेटर! पोरवयात जहाजावर गेलो तो म्हातारा होऊन परतलो, ते दुर्बीण घेऊनच. गच्चीतून ऐनोस डोंगराचा उतार लख्ख दिसतो. दगडी बांधाच्या वर वडिलांचा मळा, खाली स्टाथिसचा. आपले घड टपोरे. त्याच्याकडे किडका पाला. डोळे निवले.

२५ ऑगस्ट
बायको, अरेती, म्हणाली, अहो, खालच्या मळ्यात शेळ्या शिरल्यात. म्हटलं, शिरू देत. ती काहीतरी बोलणार होती. दुर्बीण कुणाकडे आहे, एवढंच विचारलं. पाय आपटत गेली.

२ सप्टेंबर
शेळ्या अजून तिथेच. गुणी जनावरं.
संध्याकाळी स्टाथिस दारात. म्हणे, तुमचा गुडघा दुखतोय, शेळ्या मी हाकलू का? स्वतःच्या मळ्यातल्या शेळ्या हाकलायला माझी परवानगी! लोचट मेला. म्हटलं, एका शेळीला हात लावलास तर लग्न मोडीन. मान हलवत गेला. थोडा चिडलो. उद्यापासून नाही.

९ सप्टेंबर
कॅफेतले दीडशहाणे म्हणतात, रोबोला पिकली की थांबत नाही, उशीर केला तर वाइन मिळमिळीत होते. मला शिकवतात! गुडघा उतरलाय. उद्या तोडणी. मदतीला कुणी नको. तसंही कुणाशी बोलणं उरलेलं नाही.

१० सप्टेंबर, दुपारी
पहाटे चढलो. काय घड! सोन्यासारखे. घामाघूम होऊन टोपल्यांवर टोपल्या भरल्या. स्टाथिसला जळवायला मोठमोठ्याने गात होतो.
तो खेचर घेऊन आला. एकटाच. टोपी काढून म्हणाला, व्याही, माझ्यासाठी कशाला एवढे कष्ट?
तुझ्यासाठी?
तो म्हणाला, वरचा मळा आमच्या आजोबांपासून आमचा. तुमचा बांधाखालचा.
खाली बघितलं. काड्या आणि लेंड्या.

१० सप्टेंबर, रात्री
अरेतीला विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, दुर्बीण तुमच्याकडे होती. जेवलो नाही.

८ फेब्रुवारी
लग्न झालं. पंगतीत स्टाथिसची रोबोला. थेंबही घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. तीन ग्लास झाले.
मग तो हरामखोर उभा राहिला. भर मांडवात म्हणाला, या वाइनच्या पहिल्या टोपल्या माझ्या व्याह्यांनी दुखऱ्या गुडघ्याने, कुणी न सांगता, आपल्या हातांनी तोडून दिल्या. बाकी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. रुबिनी रडत माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, बाबा, मला उगाच वाटायचं तुम्हाला माझं सासर आवडत नाही.
कप्पाळ माझं! ग्लास पुढे केला. स्टाथिसनेच भरला.