आमच्या घरी देव नाही

बाबा, आज पेपरच्या ऑफिसात कोर्टाची एक बातमी तपासायला आली. लहान मुलीची साक्ष, शपथ न देता घेतलेली. बातमी वेळेत पुढे पाठवली आणि मग खुर्चीतून उठवेना.

तुमच्या खटल्यातला पोरगाही तेवढाच होता. शेजारच्या किराणावाल्याला त्याच्याच दारात कोणी भोसकून मारलं, आणि मागे उभ्या असलेल्या त्याच्या मुलानं तुमचं नाव घेतलं. मिलचा खाकी शर्ट घातलेला माणूस, एवढंच तो आधी सांगत होता. तसे शर्ट अर्ध्या वस्तीच्या दोऱ्यांवर वाळत असत. तुमचं नाव आलं ते तो त्याच्या काकाच्या घरी राहून आल्यावर. खालच्या कोर्टात जजसाहेबांनी त्याला विचारलं, खोटं बोललं तर काय होतं? "मार पडते." आणि देव काय करतो? "आमच्या घरी देव नाही." पोराला शपथ कळत नाही, पण खरंखोटं कळतं, असं नोंदवून साहेबांनी बिनशपथेची साक्ष घेतली. तेवढ्यावर तुम्हाला जन्मठेप झाली.

आणीबाणी उठल्यानंतरचा तो उन्हाळा. अपिलाआधी वकीलसाहेब आईला आणि मला घेऊन जेलमध्ये आले आहेत. मुलाखतीची जाळी इतकी तापली आहे की बोटं ठेववत नाहीत. वकीलसाहेब खुशीत आहेत. "पोरानं आपलं काम सोपं केलं. ज्याला देवच ठाऊक नाही, त्याला खोटं बोलायची भीती कसली? हा मुद्दा वरच्या कोर्टाला लगेच पटेल."

तुम्ही म्हणालात, "हे नका म्हणू, साहेब."

"काहून?" आईच ओरडली.

"माह्या घरी तरी कोठं देव आहे? मंग मीबी खोटारडा, माही पोरगीबी खोटारडी. साऱ्या वस्तीलेच खोटं ठरवून राहिले ना हे."

धम्मदीक्षा घेतल्यावर घरातले देव टोपलीत घालून नाग नदीत सोडायला तुम्हीच गेला होतात. पण आईला त्या वेळी त्याचं काय! "सडा मंग आत जन्मभर! पोरीले कोण पोसन?"

"तू आहे ना वं. साऱ्या गल्लीले पुरून उरते तू."

पहाऱ्यावरचा शिपाई हसला. आई हसली नाही. वकीलसाहेबांनी मान हलवली आणि तो मुद्दा सोडला. वरच्या कोर्टात त्यांनी कष्टाची वाट धरली: पोरगा आधी काय बोलला, नंतर काय, मधे कोणाकडे राहिला, आणि त्याच्या शब्दाला दुसरा कुठलाच आधार कसा नाही. तुम्ही सुटलात.

घरी आल्यावर तुम्ही मला नळावर रागावलात. मी त्या पोराची बादली पायानं सरकवली होती. "त्याच्यावर काहून राग काढतं वं? त्याचा बाप मेला. जे पढवलं ते त्यानं सांगितलं. भरू दे त्याले पहिले."

हे सगळं मी पुढे पुष्कळांना सांगितलं, सभांमधूनही. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात, मलाही मान ताठ झाल्यासारखी वाटते. हे पत्र मात्र कोणाला दाखवणार नाही. त्या दिवशी जाळीपाशी मी आईच्या बाजूनं होते, बाबा. आजही आहे.